उजेडामागे जाणारा रोबोट सारखा गोल गोल फिरतोय? पार्ट बदलायच्या आधी हे करून बघा

दोन एलडीआर (उजेड ओळखणारे रोबोटचे डोळे), दोन पिवळ्या बीओ मोटर (गिअरवाल्या छोट्या मोटर), दोन ट्रान्झिस्टर, पुढे एक कॅस्टर (कुठेही वळणारं गोळीचं चाक) आणि पेन्सिल सेलचा डबा, एवढ्या सामानात उजेडाच्या मागे धावणारा रोबोट होतो. पण तो झाल्यावर एक तक्रार हमखास येतेच. रात्री खोलीत अंधार करून टॉर्च दाखवला की पठ्ठ्या टॉर्चच्या मागे मागे येतो, आणि सकाळी तोच रोबोट त्याच फरशीवर ठेवला की एका जागी गरगर फिरत बसतो. मग माणूस एलडीआर बदलतो, नाहीतर ट्रान्झिस्टर बदलतो, तोपर्यंत संध्याकाळ झालेली असते, रोबोट परत नीट चालतो, वाटतं चला सुटलं एकदाचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. पार्ट बदलून हे जात नाही कारण बहुतेक वेळा पार्ट खराब नसतोच, सर्किटची रचनाच अशी असते की दिवसाउजेडी दोन्ही डोळे आंधळे होतात.

पण ते सांगायच्या आधी, तुमच्या रोबोटचा बिघाड नक्की कुठे आहे ते पाच मिनिटांत कळतं, ते आधी करून घ्या, नाहीतर सगळं सर्किट उसवून हाती काहीच लागणार नाही.

रोबोट हातात उचलून धरा, चाकं हवेत, आणि उभ्या उभ्या हळूहळू एक पूर्ण गिरकी घ्या. खिडकी डावीकडे आली की उजवं चाक जोरात आणि खिडकी उजवीकडे गेली की डावं चाक जोरात, असं होत असेल तर रोबोट बिचारा बरोबरच वागतोय, त्याला तुमच्या टॉर्चपेक्षा खिडकी जास्त उजळ दिसतेय इतकंच. याच्या बरोबर उलटं होत असेल, म्हणजे उजेडाच्याच बाजूचं चाक पळत असेल, तर वायरिंग सरळ झालंय. डावा डोळा उजव्या मोटरला आणि उजवा डोळा डाव्या मोटरला जायला हवा, तरच तो उजेडाकडे वळतो, सरळ जोडला तर उजेडापासून लांब पळतो आणि चार भिंतींच्या खोलीत पळणारा रोबोट पण गोल फिरल्यासारखाच दिसतो.

आणि कसंही फिरवलं तरी चाकांच्या वेगात फरकच पडत नसेल, तर आता दोन्ही एलडीआर काढून एकमेकांच्या जागी लावा, फक्त एलडीआर, बाकी एकही वायर हलवायची नाही. रोबोट आता उलट्या दिशेने गोल फिरायला लागला तर दोष एलडीआरमध्ये, दोन नग एकमेकांशी जुळत नाहीयेत. आधीच्याच दिशेने फिरत राहिला तर एलडीआरला सोडून द्या आणि पुढे बघा, म्हणजे ट्रान्झिस्टर, मोटर, चाक. शेवटची चाचणी म्हणजे दोन्ही मोटर सर्किटमधून सोडवून थेट सेलला जोडा आणि रोबोट फरशीवर सोडा. इथेही तो वळत असेल तर दोन मोटरच्या वेगातच फरक आहे. बीओ मोटरच्या दोन नगांचा वेग क्वचितच सारखा असतो, एकाच पुडीतल्या असल्या तरी. शिवाय चाकाच्या दांडीत केस किंवा दोरा अडकलेला असतो, कॅस्टरच्या गोळीत कचरा बसलेला असतो, ते पण याच वेळी बघून घ्या.

आता मूळ कारण. बहुतेक सगळ्या सोप्या सर्किटमध्ये प्रत्येक एलडीआरला एक ठराविक रेझिस्टर सिरीजमध्ये लावलेला असतो, साधारण १० के (किलोओहम) चा, आणि मधल्या पॉइंटवरून व्होल्टेज घेतलेलं असतं. जीएल ५५२८ नावाचा जो ५ मिमीचा एलडीआर सगळीकडे मिळतो तो १० लक्स उजेडाला (लक्स हे उजेडाचं माप), म्हणजे मिणमिणत्या खोलीत, साधारण १० ते २० किलोओहम दाखवतो, आपण मध्यावर १५ धरू. उजेड वाढला की रेझिस्टन्स कमी होतो पण सरळ प्रमाणात नाही, उजेड दुप्पट झाला की रेझिस्टन्स साधारण १.६ पटीने खाली येतो. आता कल्पना करा की एका डोळ्यावर पूर्ण उजेड आहे आणि दुसऱ्यावर त्याच्या निम्मा, म्हणजे फरक चांगला ठळक आहे, रोबोटने वळायलाच पाहिजे. १० लक्सला ५ व्होल्टच्या सप्लायवर पहिला डोळा २ व्होल्ट देतो आणि दुसरा १.४५, अर्ध्या व्होल्टच्या वर फरक, कुठलंही सर्किट हे ओळखेल. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली ३०० लक्स धरले तर तेच आकडे ४.३९ आणि ४.०८ होतात. आणि सकाळी खिडकीजवळ ५००० लक्सला एलडीआर दोनशे-तीनशे ओहमवर आलेले असतात, १० के पुढे ते जवळजवळ शॉर्टच, मग एक डोळा ४.९० सांगतो आणि दुसरा ४.८५. पाच शतांश व्होल्टचा फरक. दोन्ही डोळे एकच सांगतायत, फुल उजेड आहे, दोन्ही मोटर फुल ऑन, आणि अशा वेळी रोबोट कुणाच्या जिवावर चालतो तर दोन मोटरच्या वेगात जो काय फरक असेल त्याच्या. म्हणून गोल फिरतो. म्हणूनच तो रोज एकाच दिशेने फिरतो आणि म्हणूनच एलडीआर बदलून काही होत नाही.

आर्डुइनोवाल्यांना (आर्डुइनो म्हणजे कोड घालून चालवायचा छोटा बोर्ड) हे सिरीयल मॉनिटरवर, म्हणजे कम्प्युटरवर आकडे दिसतात तिथे, डोळ्यांनी दिसेल, दिवसा एका पिनवर १००३ आणि दुसऱ्यावर ९९२ असे आकडे येतात आणि लोक कोडमध्ये थ्रेशोल्ड बदलत बसतात. कोड बदलून जाणार नाही हो, माहिती पिनपर्यंत पोचतच नाहीये तर कोड काय करणार.

काही जण १० के काढून १ के लावायला सांगतात. त्याने दिवसा फरक पडतो हे खरं, पण मग रात्री बोंब होते, कारण अंधारात १ के पुढे १५ के म्हणजे व्होल्टेज जवळजवळ शून्य. ठराविक रेझिस्टर कुठलाही घ्या, तो दिवसाच्या एका वेळेलाच बरोबर असतो.

उपाय मला एकच पटतो आणि तो स्वस्तातला आहे, ठराविक रेझिस्टर काढूनच टाका आणि दोन एलडीआर एकमेकांच्या सिरीजमध्ये लावा. डावा एलडीआर प्लसपासून मधल्या पॉइंटपर्यंत, उजवा एलडीआर मधल्या पॉइंटपासून ग्राउंडपर्यंत. आता मधलं व्होल्टेज उजेड किती आहे ते सांगतच नाही, कुठल्या बाजूला जास्त आहे तेवढंच सांगतं. वरचा हिशेब परत करून बघा, डाव्यावर पूर्ण आणि उजव्यावर निम्मा उजेड असेल तर मधला पॉइंट १० लक्सला ३.०९ व्होल्ट, ३०० लक्सला ३.०९ आणि ५००० लक्सला पण ३.०९. समान उजेडाला २.५. म्हणजे अर्ध्या व्होल्टच्या वर फरक, सकाळी दुपारी रात्री कधीही. दुसरा फायदा म्हणजे मोटर सुरू होताना सप्लाय थोडा बसला तरी मधला पॉइंट त्याच प्रमाणात खाली येतो, आणि तुलनेचं व्होल्टेज त्याच सप्लायवरून घेतलं असेल तर तेही तितकंच खाली येतं, त्यामुळे निर्णय बदलत नाही. एक काळजी घ्या, वरच्या आणि खालच्या टोकाला १००-१०० ओहमचा रेझिस्टर टाका, कारण भर उन्हात जमिनीवर लाखभर लक्स उजेड असतो, तेव्हा दोन्ही एलडीआर काही मोजक्या ओहमवर येतात आणि फुकट करंट जाऊन ते गरम होतात.

पुढे एलएम ३५८ लावा, एका आठ पायांच्या आयसीत दोन ऑपॅम्प (इथे दोन व्होल्टेजची तुलना करणारे) येतात आणि आपल्याला दोनच हवेत. प्लसपासून ग्राउंडपर्यंत ४.७ के, मग १ के, मग ४.७ के अशी माळ करा. या माळेतून दोन व्होल्टेज मिळतात, १ के च्या वरचं आणि खालचं, ५ व्होल्टवर त्यात साधारण अर्ध्या व्होल्टचं अंतर असतं. पहिल्या ऑपॅम्पच्या प्लस पायाला एलडीआरचा मधला पॉइंट आणि मायनसला माळेतलं खालचं व्होल्टेज. दुसऱ्याच्या प्लसला माळेतलं वरचं व्होल्टेज आणि मायनसला एलडीआरचा मधला पॉइंट. पहिला ट्रान्झिस्टरमार्फत उजवी मोटर चालवेल, दुसरा डावी. उजेड डावीकडे असला की मधला पॉइंट वर जातो, उजवी मोटर एकटी चालते, रोबोट डावीकडे वळतो. उजेड उजवीकडे गेला की उलटं. आणि उजेड बरोबर समोर असला की मधला पॉइंट दोन व्होल्टेजच्या मध्ये येतो, दोन्ही ऑपॅम्प हाय, दोन्ही मोटर चालू, रोबोट सरळ. ही मधली अर्ध्या व्होल्टची जागा ठेवली नाही तर एका वेळी एकच मोटर चालते आणि रोबोट बदकासारखा डुलत डुलत जातो. पोचतो तोही, पण सेल उगाच खातो आणि बघायला बरं वाटत नाही.

दोन एलडीआर शंभर टक्के जुळणारे मिळत नाहीतच. १० लक्सला १० ते २० किलोओहम असं कंपनीच लिहिते, याचा अर्थ एकाच पुडीतले दोन नग दुपटीने वेगळे असू शकतात आणि ते चालतं. म्हणून माळेतल्या वरच्या ४.७ के च्या जागी १० के चा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावा, मधला पाय आणि कडेचा एक पाय वापरून, आणि दोन्ही डोळ्यांसमोर सारख्या अंतरावर एक पांढरा कागद धरून प्रीसेट असा फिरवा की दोन्ही मोटर चालू राहतील. एकदा सेट केलं की दिवसभर बघावं लागत नाही कारण दोन नगांमधलं प्रमाण उजेड बदलला तरी जवळपास तेच राहतं. त्याआधी एलडीआर थोडा वेळ उजेडात राहू द्या, डब्यात तासन्‌तास अंधारात पडून राहिलेला एलडीआर बाहेर काढल्या काढल्या वेगळा आकडा दाखवतो आणि हळूहळू जागेवर येतो. दुकानात गेल्यावर, पुण्यात तापकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर, दोनच्या ऐवजी दहा घ्या, पैसे फार जात नाहीत, आणि मल्टीमीटर २० के वर ठेवून एकाच दिव्याखाली एकेक मोजून जवळचे दोन निवडा.

आर्डुइनो असेल तर ऑपॅम्पची गरजच नाही, मधला पॉइंट एका अॅनालॉग पिनला द्या, ५१२ च्या (म्हणजे मध्याच्या) आसपास सरळ, वर गेला की डावीकडे, खाली आला की उजवीकडे. एक पिन वाचतो तो वेगळाच.

इतकं करूनही दिवसा एका बाजूला ओढत असेल तर डोळ्यांवर नको तो उजेड पडतोय का बघा. शेजारच्या सोसायटीतली नववीतली एक मुलगी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी केलेला रोबोट घेऊन आली होती, काका हा अंधारात पण उजवीकडेच जातो म्हणाली, आणि खरंच, दिवे बंद केले, टॉर्च पण बंद, तरी उजवीकडेच. एलडीआर बदलून बदलून ती दमली होती. अंधारात रोबोटकडे जरा निरखून बघितलं तर मोटर ड्रायव्हरच्या बोर्डावरचा तो लाल पॉवर एलईडी उजव्या एलडीआरपासून बोटभर अंतरावर पेटलेला, आणि त्याचा लाल ठिपका बरोबर एलडीआरच्या नागमोडी रेषांवर चमकत होता. रोबोट स्वतःच्याच दिव्याच्या मागे फिरत होता. काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा त्या एलईडीवर लावला आणि विषय संपला. पारदर्शक अॅक्रिलिकची चेसिस असेल तर खालून चकचकीत फरशीवरून पण उजेड वर येतो, तेव्हा एलडीआरला मागून आणि खालून पण झाका. मी प्रत्येक एलडीआरवर काळ्या हीट श्रिंकची (गरम केल्यावर आवळणाऱ्या प्लास्टिकची) सेंटिमीटरभर नळी चढवतो, दोन डोळे मध्यापासून तीसेक अंश बाहेर वळवतो आणि दोघांच्या मध्ये काळ्या कार्डपेपरची उभी भिंत लावतो. ही भिंत लोक हमखास विसरतात, आणि तिच्याशिवाय दोन्ही डोळ्यांना जवळजवळ सारखाच उजेड दिसतो, मग सर्किट कितीही चांगलं असो, फरकच नसेल तर ते वळणार कसं.

बॅटरीबद्दल स्पष्टच सांगतो, चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मोटरसाठी वापरू नका. नऊ आकडा बघून जोरदार वाटते पण आत सहा चिमुकले सेल असतात, दोन बीओ मोटरने करंट मागितला की ती बसते, आणि मजा म्हणजे मोटर बंद करून मीटर लावलं की परत साडेआठ-नऊ दाखवते, त्यामुळे संशयच येत नाही. व्होल्टेज नेहमी मोटर चालू असताना मोजा, चाक बोटाने जरा अडवून मोजा. चार अल्कलाइन पेन्सिल सेल, ६ व्होल्ट, या रोबोटला पुरून उरतात, आणि सप्लायवर ४७० मायक्रोफॅरडचा एक कॅपॅसिटर टाका. ब्रेडबोर्डवर असाल तर लांब ब्रेडबोर्डच्या काठाच्या प्लस-मायनस पट्ट्या काही बोर्डांत मध्यावर तुटलेल्या असतात, लाल रेघ मध्ये खंडित दिसली तर समजा की अर्ध्या बोर्डाला सप्लायच नाही, दोन तुकडे जंपरने जोडा.

एका बाजूची मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, आणि ट्रान्झिस्टर बोट टेकवत नाही इतका तापलाय, असं असेल तर तो बीसी ५४७ असणार. बीसी ५४७ ची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे, बीओ मोटर ओझं पडल्यावर सहज त्याच्या पुढे जाते. अनेक चित्रांमध्ये बीसी ५४७ च दाखवलेला असतो, टेबलावर चाकं हवेत ठेवून तो चालतोही, फरशीवर ठेवला की मरतो. बीडी १३९ लावा, बेसला ४७० ओहम. पण पाय बघून लावा, बीसी ५४७ ची सपाट बाजू समोर धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो, बीडी १३९ ची छापील बाजू समोर धरली की एमिटर, कलेक्टर, बेस. एकाच्या भोकांत दुसरा तसाच खुपसला तर चालणार नाही. मोटरच्या दोन टोकांवर १एन ४००७ डायोड उलटा, म्हणजे पट्टीची बाजू प्लसला, आणि मोटरच्या पत्र्यांवरच १०४ नंबरचा कॅपॅसिटर सोल्डर करा, नाहीतर मोटरच्या ब्रशमुळे होणारा विजेचा गोंगाट सप्लायमधून ऑपॅम्पपर्यंत येतो आणि रोबोट मध्येच झटके देतो.

एलएम ३५८ नव्हता म्हणून एलएम ३९३ लावलाय आणि मोटर हलतच नाही, हेही पुष्कळ वेळा होतं. दोघांचे पाय सारखेच असतात त्यामुळे वाटतं चालेल, पण ३९३ चं आउटपुट फक्त खाली ओढू शकतं, वर ढकलू शकत नाही, त्याला प्लसपर्यंत एक रेझिस्टर लावावाच लागतो. ६ व्होल्टवर तिथे १० के लावलात तर बेसला जेमतेम अर्धा मिलिअँपिअर मिळतो, तेवढ्यात मोटर फिरायची नाही. १ के लावा आणि मग बेसचा वेगळा रेझिस्टर काढून टाका.

रोबोट जागच्या जागी थरथरतो आणि ते फक्त दिव्याखाली होतं, उन्हात नाही, तर दिव्याचा फडफडाट आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली जुनी ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा उजळतात मंदावतात, डोळ्याला कळत नाही पण एलडीआर त्यातलं थोडंफार पकडतो. मधल्या पॉइंटपासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावला की बहुतेक शांत होतो.

आणि ज्यांना दोन डोळे जुळवायचा हा सगळा खटाटोपच नको असेल त्यांच्यासाठी एक जुना रस्ता आहे आणि मला तो मनापासून आवडतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला ग्रे वॉल्टर नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाने १९४८-४९ च्या सुमारास एल्मर आणि एल्सी नावाची दोन यांत्रिक कासवं केली होती, ट्रान्झिस्टरचा जमाना यायचा होता म्हणून व्हॉल्व्ह वापरून, आणि त्यांना डोळा एकच होता. तो फोटोसेल पुढच्या चाकाच्या स्टिअरिंगवर बसवलेला, स्टिअरिंग सारखं गोल फिरत राहायचं आणि डोळा त्याच्याबरोबर चहूकडे बघायचा, उजेड दिसला की स्टिअरिंग थांबायचं आणि कासव त्या दिशेला निघायचं. एकच डोळा म्हणजे जुळवायचा प्रश्नच नाही. एक एलडीआर छोट्या सर्व्होवर (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या मोटरवर) बसवून आर्डुइनोने डावीकडून उजवीकडे फिरवत सगळ्यात उजळ कोन शोधला तर तेच काम आज सहज होतं, फक्त सर्व्होला प्रत्येक जागी थोडं थांबू द्या कारण एलडीआरला नवीन उजेडाला स्थिरावायला वीस-तीस मिलिसेकंद लागतात.

सर्व्हो नको आणि दोन डोळ्यांचंच सर्किट ठेवायचं असेल, आणि वरचं सगळं करूनही गोल फिरतच असेल, तर चाकं हवेत धरून सप्लाय चालू ठेवा, मीटरचा काळा प्रोब ग्राउंडला, आणि क्रमाने मोजत या. एलडीआरचा मधला पॉइंट डोळे आळीपाळीने बोटाने झाकल्यावर वरखाली होत नसेल तर एलडीआरचा एखादा पाय सुटलाय किंवा ड्राय सोल्डर (कच्चा टाका) आहे. तो नीट हलतोय पण ऑपॅम्पचं आउटपुट हलत नाही तर आयसीचा ८ नंबरचा पाय प्लसला आणि ४ नंबरचा ग्राउंडला गेलाय का बघा. आउटपुट ६ व्होल्टवर साडेचारच्या आसपास जातंय तर ते बरोबरच आहे, ३५८ पूर्ण सप्लायपर्यंत जात नाही. आउटपुट जातंय, बेसला ०.७ येतोय, आणि मोटर चालू असायला हवी त्या वेळी कलेक्टर अर्ध्या व्होल्टच्या वर राहतोय, तर बेसचा रेझिस्टर ४७० च्या जागी ४.७ के लागलाय का ते रंग बघून तपासा. पिवळा जांभळा तपकिरी पाहिजे, तिसरा पट्टा लाल असेल तर तो रेझिस्टर काढा.